फोन आधी ठेवायचा नाही

आमच्या कचेरीत मला नाहीबाई म्हणत असत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठीमागे म्हणताना आवाज फारसा खालीही आणत नसत. मला त्याचा राग नव्हता. सुताराला सुतार म्हणतात, तसंच ते.

कचेरी पुस्तकं काढणारी होती. आत आम्ही मोजकी माणसं, आणि बाकीचं काम बाहेरच्यांकडून करून घ्यायचं. भाषांतर करणारे, चित्रं काढणारे, मुद्रितं तपासणारे. हल्ली त्यांना फ्रीलान्सर म्हणतात, आम्ही नुसतं ‘बाहेरचे’ म्हणायचो. एखाद्या पुस्तकाला चित्रकार हवा असला की बातमी कशी कोण जाणे पसरायची, आणि नमुन्यांची पाकिटं टेबलावर येऊन पडायची. त्यातून एकाला काम मिळे. उरलेल्यांना ‘नाही’ कळवणं माझ्याकडे.

ही वाटणी आमच्या संपादकांनी केली होती. मोठा खडूस माणूस, पण एका गोष्टीत पक्का. ज्याला काम द्यायचं त्याला ते स्वतः कळवत, आणि तेही मी उरलेल्या सगळ्यांना कळवल्यानंतरच. मी नवी होते तेव्हा मला हे उलटं वाटलं. मी म्हटलं, “साहेब, ज्याचं पक्कं झालंय त्याला आधी सांगू या ना. बिचारा वाट बघत असेल.”

“बघू दे. तो आणखी थोडी वाट बघेल आणि मग उड्या मारेल,” ते म्हणाले. “ज्याला मिळालं नाही त्याचा दिवस आपण अडवून धरलाय. तो आधी मोकळा करा. आणि पत्र नको. पत्र म्हणजे दारावर टाचलेली नोटीस. फोन करा.”

फोन कसा करायचा हे मात्र कुणी शिकवलं नाही. सुरुवातीला मी तब्येत विचारायची, हवापाण्याचं बोलायची, मग हळूच मुद्द्यावर यायची. तोवर पलीकडच्या माणसाने काम मिळालंच असं धरलेलं असायचं. भाषांतर करणाऱ्या एका बाईंनी तर मला मध्येच तोडून घरात ओरडून सांगितलं, “अरे, मिळालं रे!” त्यानंतर माझी मी शिकले. नमस्कार करायचा, आपण कोण ते सांगायचं आणि लगेच ‘नाही’. एक घाव दोन तुकडे. कारण आपण होऊन सांगायचं नाही, विचारलं तर खरं सांगायचं. ‘पुढच्या वेळी बघू’ हे चुकूनही म्हणायचं नाही, कारण माणूस त्या एका वाक्यावर वर्षभर बसून राहतो. आणि फोन आपण आधी ठेवायचा नाही. नाही आपण म्हटलंय; आता बोलणं कधी संपवायचं हे तरी त्याच्या हातात असू दे.

तुम्हाला वाटेल, नकार ऐकल्यावर लोक फोन आपटत असतील. आपटणारे थोडे. बहुतेक लोक ‘बरं’ म्हणतात आणि मग ठेवत नाहीत. मी ऐकत बसायची. कुणाच्या घरात नळ वाहत असायचा आणि मध्येच तो बंद झाला की मला कळायचं, आता सावरल्या. कुणाच्या मागे मूल पाढे म्हणत असायचं. एक गृहस्थ शीळ घालायचे, अगदी हळू, सबंध गाणं, आणि गाणं संपलं की म्हणायचे, “ठेवतो हं, बाई.”

एक चित्रकार होता. फार वर्षं नमुने पाठवत राहिला आणि फार वर्षं त्याला मी नाही म्हणत राहिले. शेवटी शेवटी माझा आवाज ऐकताच तोच म्हणायचा, “बोला, नाहीबाई. कोणतं पुस्तक गेलं आज?” हे नाव त्याला कुणी सांगितलं देव जाणे. मग तो सांगायचा, खिडकीत कुंडी ठेवलीय, शेजारी नवीन आलेत, पाठ दुखतेय. एकदा त्याला काम मिळालं. मिळालं म्हणजे संपादकांनी फोन केला, कारण होकार त्यांच्याकडे. ज्यांना आम्ही काम दिलं त्यांचे आवाज मी कधी ऐकलेच नाहीत. चित्रकाराचं पुस्तक छान झालं, पुढची कामं त्यालाच मिळत गेली. मला आनंदच झाला. फक्त कधी कधी टेबलावरचा फोन पुसताना वाटायचं, त्याच्या पाठीचं काय झालं असेल.

घरी नवरा म्हणायचा, “दिवसभर नाही नाही करून येतेस, आता मी विचारतो त्याला तरी हो म्हण.” विचारायचा काय, तर दिवा घालवू का. तो गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. दिवा मीच घालवते.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मी राहते. एका खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, दुसरीच्या खिडकीतून तोच जिना थोडा तिरपा दिसतो. दाराजवळ स्टुलावर जुना फोन आहे, तारेचा. मुलगा म्हणतो काढून टाक, कुणी करत नाही त्यावर. खरं आहे. चुकीचे नंबर लावणारेसुद्धा आता मोबाइलवरच चुकतात.

मुलगा दुसऱ्या शहरात असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो, आणि गेले कित्येक महिने एकच विषय. त्यांनी माझ्यासाठी एक खोली रिकामी केली आहे. माझी नात मोठी झाली, तिला खरं तर ती खोली हवी आहे, पण ती बाहेर दिवाणावर झोपते आणि खोली आजीची म्हणून तशीच आहे.

“आई, तिथं आता तुझं काय काम आहे?” तो विचारतो. रागाने नाही, काळजीनेच. पण त्या प्रश्नाला मला उत्तर सापडत नसे. मैत्रिणी होत्या, त्या एकेक करून गेल्या, कुणी मुलाकडे, कुणी कायमच्या. बाग नाही, मांजर नाही. मी म्हणायची, “बघू. कळवते.” जे वाक्य मी सबंध नोकरीत कुणाला म्हटलं नाही, ते मुलाला दर रविवारी म्हणत होते, आणि ते माझ्या ध्यानातही येत नव्हतं.

अशात ठमीच्या बोलण्यातून कोशाचं कळलं.

ठमी म्हणजे माझी भाची, बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, त्यामुळे ठमी अर्धी माझ्याच हाताखाली वाढली. तिचे शाळेतले निबंधसुद्धा मीच तपासून द्यायची. आता ती चांगली केस पिकायला आलेली बाई आहे, पण माझ्यासाठी ठमीच. चष्म्याच्या दुकानाच्या वर एक खोली घेऊन तिने पुस्तकांचं काम सुरू केलंय. माझाच धंदा, फक्त कागदाविना. एकदा बोलता बोलता म्हणाली, बागकामाचा मोठा कोश निघतोय, बरेच खंड, दोनेक वर्षं चालेल. मुद्रितं तपासायला बाहेरचं माणूस हवंय, जाहिरात टाकलीय, नमुन्याचं पान तपासून मागितलंय.

मला विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. यायलाच हवं होतं असं नव्हे. पण मुद्रितं मीही तपासलेली होती, कचेरी सुटल्यावर घरी बसून पुष्कळ. आणि दोन वर्षं पुरेल असं काम! माझ्या वयाला दोन वर्षं म्हणजे अंगणभर ऊन. रविवारी मुलाला सांगता येईल, बाबा रे, इथं माझं काम आहे, मला कुठं हलता येत नाही.

ठमीला सरळ ‘मला दे’ म्हटलं असतं तर तिने दिलं असतं. तेच नको होतं. भाचीने मावशीला दिलेलं काम म्हणजे पोराला गप्प बसवायला दिलेली किल्ली. मला बाहेरच्यांच्या रांगेत उभं राहून हवं होतं. म्हणून मी माहेरच्या नावाने अर्ज केला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवालीने पान छापून दिलं. मी ते घरी आणून, खिडकीशी बसून लाल पेनाने तपासलं, आणि तिनेच त्याचा फोटो काढून पाठवून दिला.

“आजी, मेलचा पत्ता कुणाचा टाकू?”

“तुझाच टाक.”

“आणि मला काम लागलं तर?”

“तर तू कर, मी झेरॉक्स काढते.”

फोन नंबर मी तारेच्या फोनचा दिला. मोबाइलचा ठमीकडे होता, हा कुणाला ठाऊक असणार! पेटीत पत्र टाकल्यासारखं वाटलं, आता परत काढता येणार नव्हतं. मग मी त्या स्टुलाच्या आसपास राहू लागले. आंघोळीला जाताना दार किलकिलं ठेवायची. जिना उतरून भाजी आणायला जायचं तर पावलं आपोआप भराभर पडायची. मुलाला सांगितलं, “थोडं थांब, एका कामाचं कळायचंय.” तो म्हणाला, “कसलं काम?” मी म्हटलं, “कळलं की सांगते.”

आठवडे गेले. फोन वाजला नाही. आणि एका दुपारी ठमी आली.

ती शनिवारीच येते, त्या दिवशी भलत्याच वारी आली. हातात केकचा डबा. बसली, उठली, खिडकी उघडली, लावली. माझ्या औषधांच्या गोळ्या नीट लावून ठेवल्या, ज्या आधीच नीट होत्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची लहानपणापासूनची खोड. मी चहा ठेवला.

“मावशी, त्या कोशाचं काम दिलं गं एकाला,” ती कपाकडे बघत म्हणाली.

मी कपात साखर घातली. बहुतेक दोनदा घातली.

“बरं झालं. कोण आहे?”

“आहे एक तरुण मुलगी. चटपटीत. सगळं स्क्रीनवर करते.” ती थांबली. “बाकीचेही चांगले होते. एका बाईंनी तर… जाऊ दे.”

“जाऊ दे तर जाऊ दे. बाकीच्यांना कळवलंस?”

“कशाला? हल्ली कुणी कळवत नाही, मावशी. फोन आला नाही की समजून जातात.”

“कधी समजतात?”

“म्हणजे?”

“कोणत्या दिवशी समजतात? मंगळवारी? बुधवारी? आज नाही आला म्हणजे उद्या येईल, असंच वाटतं ना गं. समजायला काही तरी व्हावं लागतं. न होण्यातून काय समजणार?”

माझा आवाज चढला असावा. ठमी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पण काय सांगायचं? मला नाही जमत. तोंडच उघडत नाही.”

“मला जमतं,” मी म्हटलं. “उभी हयात तेच केलंय. मी करते फोन.”

आता वाटतं, मी का म्हटलं असेन तसं? माझ्या ओळखीची एकच खुर्ची होती, नाही म्हणणाऱ्याची. तिच्यावर जाऊन बसले म्हणजे दुसऱ्या खुर्चीत कुणी बसवणार नाही, असं काही तरी असेल.

दुसऱ्या दिवसापासून मी चष्म्याच्या दुकानाच्या वर जाऊ लागले. ठमीने टेबलाचा एक कोपरा रिकामा करून दिला, नावं आणि नंबर दिले. यादीच्या शेवटी माझंही माहेरचं नाव होतं. मी त्याच्यावर बोट ठेवून वर बघितलं. ठमी संगणकात डोकं घालून बसली होती.

पहिल्याच गृहस्थांनी फोन उचलला आणि मी नमस्कार म्हणायच्या आत सुरू झाले, “बाई, मला कर्ज नको.”

“मी कर्ज देत नाही,” मी म्हटलं. “कामही देत नाही. बागकामाच्या कोशाचं काम दुसऱ्याला दिलंय, एवढंच सांगायला फोन केला.”

मग ते मोठ्यांदा हसले. “म्हणजे खास नाही म्हणायला फोन केलात?”

“हो.”

“कमाल आहे. गेल्या वर्षात एवढ्या ठिकाणी अर्ज केले, नाही म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. माझी बायको म्हणते तुमचे अर्ज पोचतच नसतील. आता तिला सांगतो, पोचतात.” आणि ठेवण्याआधी म्हणाले, “आभारी आहे हं. म्हणजे, वाईट वाटलं. पण आभारी आहे.”

ठमी काम सोडून ऐकत होती.

एका बाईंनी कारण विचारलं. मी ठमीकडे बघितलं, तिने हळू आवाजात सांगितलं, मी तसंच पुढे सांगितलं: आपण वेळेत पान पाठवलं नव्हतं. बाई म्हणाल्या, “खरं आहे. आई आजारी होती.” मी ‘अरेरे’ म्हटलं नाही. “बऱ्या आहेत का?” एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, “नाहीत.” मागे कुणी तरी हाक मारली, बाई ‘थांबा हं’ म्हणाल्या आणि गेल्या.

मी फोन कानाला लावून बसले. खाली चष्मेवाला कुणाला तरी अक्षरं वाचायला सांगत होता. ठमीने हाताने खूण केली, ठेव. मी मान हलवली.

“मावशी, विसरल्या असतील त्या.”

“ठेवलेला नाही त्यांनी.”

“अगं, पण झालं ना सांगून?”

“आपलं झालं. त्यांचं व्हायचंय.”

बऱ्याच वेळाने पावलं ऐकू आली. “अजून आहात?” बाईंच्या आवाजात आश्चर्य होतं.

“आहे.”

“आईला पाणी हवं होतं.” मग जरा वेळाने, “बरं. ठेवते.” आणि त्यांनी ठेवला.

ठमीने उठून माझ्यासाठी चहा केला आणि बिनसाखरेचा दिला. त्यानंतर माझा प्रत्येक फोन ती ऐकायची. मध्येच एखादं वाक्य तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, लहानपणी धडा पाठ करायची तशी.

मला बरं वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू. सकाळी उठून कुठं तरी जायचं होतं. पुन्हा लोकांचे नळ, लोकांची पोरं, लोकांचे खोकले कानात येत होते. पण नावं संपत आली, आणि एका दुपारी शेवटचं तेवढं उरलं.

“झालं का गं सगळ्यांना?” ठमीने विचारलं.

“एक राहिल्यात. उचलत नाहीत.”

“कोण?”

मी नावावर बोट ठेवलं. तोंडाने म्हणवलं नाही.

ठमीने ते नाव बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, “असू दे. तो फोन मी करते. तू घरी जा, दमलीस.”

मी घरी आले. दिवे लागायची वेळ होती. समोरच्या जिन्यावरून कुणी सायकल खांद्यावर घेऊन चढत होतं. मी चपला काढल्या, आणि तारेचा फोन वाजला.

एवढ्या काळाने वाजला की तो आवाज आपल्याच घरात आहे हे पटायला वेळ लागला. मी उचलला.

“नमस्कार,” ठमीचा आवाज. तिने माझं माहेरचं नाव घेतलं, अख्खं, आडनावासकट. “त्याच बोलताय का आपण?”

“बोलतेय,” मी म्हटलं.

“बागकामाच्या कोशाचं काम आम्ही दुसऱ्या व्यक्तीला दिलं आहे. ते आपल्याला देता येणार नाही, हे सांगायला फोन केला.”

नमस्कार, आणि लगेच नाही. कुठं अडखळली नाही. मला सगळं माहीत होतं, त्या दुपारच्या चहापासून माहीत होतं. तरी आत काही तरी खाली बसलं. कुकरची शिटी व्हायची राहते आणि आपण उगाच थांबून असतो, तसं माझ्यात काही तरी थांबून होतं, ते मला तेव्हा कळलं.

“कारण विचारू का?” मी म्हटलं.

“विचारा ना.”

“काय कारण?”

“आपण कागदावर तपासता. ते पुन्हा कुणाला तरी संगणकावर चढवावं लागतं, आम्हाला तेवढी माणसं नाहीत.” ती थांबली. श्वास घेतलेला ऐकू आला. “आणि दोन चुका राहून गेल्या होत्या. एका ओळीत एक शब्द दोनदा पडला होता. आणि एका चित्राखाली भलत्याच झाडाचं नाव होतं.”

माझ्या हातून! खिडकीशी बसून, चष्मा पुसून पुसून! मला वाद घालावासा वाटला. पण ती खोटं बोलणार नाही हे मला ठाऊक होतं. विचारलं तर खरं सांगायचं, हे तिने माझ्याच तोंडून ऐकलं होतं.

“बरं,” मी म्हटलं.

“बाकी पान फार… पुढच्या वेळी—” ती म्हणाली आणि थांबली. “नाही. तसं काही सांगत नाही मी.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता, एका पात्याला खडखड आहे त्याच्या. मी थांबले. ती ठेवेल म्हणून नव्हे. थांबणं माझ्या कानाला लागलेलंच होतं. तिकडून ठमीही थांबली होती. आणि त्या खडखडीत मला एकदम उमगलं, माझं माहेरचं आडनाव म्हणजे तिच्या आईचं माहेरचं आडनाव. हा नंबर तिला लहानपणी पाठ होता, शाळेतून सुटली की हाच लावायची. आणि लाल पेनातलं माझं अक्षर, निबंधाच्या वह्यांमधलं! मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं कुणी बघत नाही. ती भलत्या वारी केक घेऊन आली होती ती मला सांगायलाच. तोंड उघडलं नव्हतं. आता उघडलं होतं, आणि मावशी न म्हणता, आपण म्हणून.

मी ‘ठमे’ म्हणणार होते. म्हटलं नाही. तिने बाहेरच्या बाईला फोन केला होता, बाहेरच्या बाईनेच तो घ्यायला हवा होता.

पंखा खडखडत राहिला. ती ठेवणार नव्हती. शहाणी पोर. या बाजूला मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते; कसं संपवायचं ते मला येत नव्हतं. ते शीळ घालणारे गृहस्थ आठवले. मला शीळ येत नाही.

“ठेवते हं, बाई,” मी म्हटलं, आणि ठेवला.

पुढच्या दोन दिवसांत ठमी आली नाही. बरं केलं. झेरॉक्सवालीने खिडकीतून विचारलं, “आजी, काम लागलं का?” मी म्हटलं, “नाही लागलं. कळवलं त्यांनी.” ती म्हणाली, “कळवलं? वा!” आणि तिच्या यंत्राकडे वळली.

मी घरात बसून होते. रविवार येत होता. मुलाला सांगायला काम नव्हतं. कारण नाही तर नाही म्हणायचं कसं, हाच विचार सारखा. आणि त्यातच नातीची आठवण झाली, बाहेर दिवाणावर झोपणारी. आजीचं कळलं की खोलीचं ठरवू, असं म्हणत महिने काढलेत त्यांनी. मी त्यांना नाही म्हटलं नव्हतं, हो म्हटलं नव्हतं. घोंगडं भिजत घातलं होतं आणि वर ठमीला शहाणपण शिकवत होते, न होण्यातून काय समजणार म्हणून. त्या पोरीचा दिवस मी अडवून धरला होता.

रविवारी फोन आला. “आई, कशी आहेस?”

“मी तिकडे राहायला येणार नाही,” मी म्हटलं. “ती खोली पोरीला देऊन टाक.”

तो गोंधळला. “अगं, पण… काही झालं का? त्या कामाचं कळलं का?”

“कळलं. नाही मिळालं.”

“मग?”

“मग काही नाही. तरी येणार नाही.”

“कारण काय, आई?”

विचारलं होतं. खरं सांगायला हवं होतं. मी खिडकीबाहेरच्या जिन्याकडे बघितलं. “एकटं इथंही वाटतं,” मी म्हटलं, “तिथंही वाटेल. तिथं तुम्हाला ते दिसेल, आणि तुम्ही सगळे माझ्याभोवती पाय न वाजवता चालाल. इथं मला त्याची सवय आहे. एवढंच कारण आहे, मोठं नाही.”

त्याच्या मागे भांडी लावल्याचा आवाज येत होता, मग सून काही तरी म्हणाली, मग दार ओढून घेतल्यासारखं वाटलं. बहुतेक तो गॅलरीत आला. खालून गाडी गेलेली ऐकू आली.

“रागावलास का” असं विचारायचं अगदी ओठांवर आलं. नाही विचारलं. आपल्या समाधानासाठी त्याच्याकडून काही काढून घ्यायचं नाही.

“तिला आज सांगू?” त्याने विचारलं. आवाज जरा जड होता.

“आजच सांग.”

“बरं,” तो म्हणाला. आणि ठेवला नाही.

मी थांबले. तिकडे कुणी जिना चढत होतं, कुणाचं तरी मूल हसत होतं. तो लहान होता तेव्हा कचेरीत माझ्या टेबलाखाली बसायचा आणि विचारायचा, “आई, ते काका बोलत नाहीत तरी तू काय ऐकतेस?” मी सांगायची, “चूप. ऐकतेय.”

मोबाइल बंद झाल्याचा आवाज येत नाही. जुन्या फोनला खट्कन व्हायचं, मग लांब सूर लागायचा, म्हणजे गेला हे कळायचं. म्हणून त्याने नेमका कधी ठेवला हे मला सांगता येणार नाही. मी तो कानाला धरून होते, आणि गाडीचा, मुलाचा, कुणाचाच आवाज आता येत नव्हता.